"स्टड जेवढा कडक तेवढं चाक पक्कं": नाही हो, तसं नसतं

एक मेसेज फिरतोय, मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, ट्रॅकवर पळवायच्या गाडीच्या चाकांना नट आणि स्टड (हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, बाहेर आलेले आटेवाले दांडे, ज्यांवर नट बसतात) कुठले टाकायचे यावर. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं म्हणून मिळेल तो सगळ्यात कडक स्टड घ्या, तो लांबही घ्या, नट हलके अ‍ॅल्युमिनियमचे घ्या कारण फॉर्म्युला वनमध्येही तेच असतात, आट्यांना ग्रीस फासा, इम्पॅक्ट गनने (नट फिरवणाऱ्या मशीनने) दाबून आवळा, आणि नटाचे आटे जुळले की बाकी काही बघायला नको. यातला लांब स्टडचा मुद्दा मान्य, बाकीच्याशी माझं भांडण आहे.

आधी ते वजनाचं. चाक स्टडवर लटकत नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, कडक स्प्रिंगसारखा, आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो, मग ब्रेकचा आणि वळणाचा सगळा जोर चाक आणि हब यांच्यातल्या घर्षणावर जातो. एम 12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीचा, स्टड कोरड्या आट्यांवर 110 न्यूटन मीटर टॉर्कने (आवळायच्या पिळाने) आवळला तर साधारण साडेचार टनांनी ओढतो, असे पाच म्हणजे बावीस-तेवीस टन, घर्षणाचा गुणांक 0.15 धरला तरी एकेका चाकाला तीन-साडेतीन टनांची पकड मिळते. स्टड आडवा कापला जायची वेळ आली म्हणजे त्याआधीच नट सैल झालेला असतो. म्हणून हबची चाक टेकतं ती बाजू वायर ब्रशने घासून गंज काढा आणि चाकाच्या बसायच्या जागेवर पावडर कोटिंगचा जाड थर ठेवू नका, तो दाबाने चेपतो आणि ताण उतरतो. हे काम फुकटातलं आहे म्हणून मेसेजमध्ये नसावं बहुतेक.

आता कडकपणा. 10.9 ग्रेडचा (हा आकडा स्टीलच्या ताकदीचा, जास्त म्हणजे कडक) स्टड काढून 12.9 टाकला आणि टॉर्क तोच ठेवला तर पकड तेवढीच राहते, तसूभरही वाढत नाही, कारण ओढ किती ते टॉर्क आणि घर्षण ठरवतं, ग्रेड नाही. ग्रेड फक्त हद्द वाढवतो, म्हणजे कायमचा ताणला जायच्या आधी स्टड किती ओढ सोसतो ती. वर अतिकडक स्टीलवर झिंकचं प्लेटिंग नीट केलेलं नसेल तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतं आणि स्टड काही न सांगता तुटतो, नुसता उभा असतानासुद्धा. खरंच ताकद वाढवायचीय तर एम 14 वर जा, ताण घेणारं क्षेत्रफळ एम 12 बाय 1.5 मध्ये (1.5 म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) 88 चौरस मिलिमीटर, एम 14 बाय 1.5 मध्ये 125. आणि घेताना विचारा की आटे रोल केलेत (धातू दाबून बनवलेत) का कापलेत, रोल केलेले थकव्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा जोर येऊन हळूहळू चीर पडण्याला, जास्त टिकतात.

थकवा हा शब्द मुद्दाम लिहिला. माझ्याकडे डब्यात एक तुटलेला स्टड ठेवलाय, तुटलेलं तोंड उजेडात धरलं की दिसतं, अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत काळपट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा, आणि उरलेला तुकडा दाणेदार, चकचकीत. म्हणजे चीर कित्येक दिवस हळूहळू सरकत होती आणि शेवटी जेवढं उरलं होतं ते एका झटक्यात गेलं. त्या चाकाचे नट दर वेळी थोडे कमी आवळलेले असायचे, आवळणारा मीच. ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरायचं ते त्या सैल चाकामुळे, आणि मी ब्रेकची डिस्क वाकडी झाली म्हणून डिस्कला शिव्या घालत होतो.

ग्रीसचं मात्र खरंच धोक्याचं आहे. टॉर्कचा फक्त दहाएक टक्के भाग स्टड ताणायला जातो, बाकी सगळा नटाच्या बैठकीत (नट चाकाला टेकतो त्या जागेत) आणि आट्यांत घर्षणात खर्च होतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी, मग त्याच 110 वर साडेचारऐवजी साडेसहा टन ओढ येऊ शकते. 8.8 ग्रेडच्या एम 12 ची हद्द साडेपाचच्या आसपास संपते, 10.9 ची साडेसातच्या. कंपनीचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर कोरडेच ठेवा, नट बनवणाऱ्याने स्वतःच लुब्रिकंट सांगितलं असेल तर त्याचाच टॉर्कही घ्या. गनबद्दल एवढंच की ती नट सोडवायला वापरा, आवळताना हाताने फिरवा, मग टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क आला की टक्‌ वाजणारा पाना), एक सोडून एक असं ताऱ्यासारखं.

अ‍ॅल्युमिनियमचे नट. फॉर्म्युला वनचा दाखला इथे लागूच पडत नाही, तिथे चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो आणि तो थोडेच वेळा वापरून फेकतात. आपण तोच नट महिनोन्‌महिने काढघाल करणार, आटे मऊ, गरम झाले की आणखी मऊ, एक दिवस काढताना करकर आवाज येतो आणि नट स्टडला चिकटून आटे सोलून निघतात. ग्रॅमभर वजनासाठी हा उद्योग कशाला. चांगले स्टीलचे, दोन्हीकडून उघडे नट घ्या, स्टड पलीकडे बाहेर आलेला डोळ्याला दिसतो.

"आटे जुळले की झालं" हे वाचून मी खरंच डोक्याला हात लावला. होंडाच्या कंपनीच्या चाकाला गोल बैठक असते, बाहेरून घेतलेल्या बहुतेक चाकांना 60 अंशांची उतरती, नरसाळ्यासारखी. दोन्हीकडे नट एम 12 बाय 1.5 चाच, फिरतो मस्त, पण गोल बैठकीत उतरता नट नुसत्या एका कडेवर टेकतो, टॉर्क रेंच टक्‌ वाजतो, तुम्ही खूश, आणि दोन लॅपमध्ये ती कड चेपून नट सैल. नटाला मार्कर लावा, एकदा आवळून काढा, शाई सगळीकडे घासली गेली असेल तर बैठक जुळली. सुबारू, निसान, सुझुकीवाल्यांचा आटा 1.25 चा, तिथे 1.5 चा नट दोन फेरे आत जातो आणि मग अडतो, तेव्हा जोर लावू नका.

लांब स्टड चालेल, स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकामध्ये घालायची चकती) असेल तर लागतोच. नट बोटांनी पूर्ण आत नेऊन फेरे मोजा, 1.5 च्या आट्याला निदान आठ, 1.25 ला दहा, म्हणजे 12 मिलिमीटर पकड. बसवताना स्टडच्या हबमध्ये रुतणाऱ्या दात्यांचा व्यास हबच्या भोकाशी जुळतोय का बघा आणि प्रेसने बसवा, गनने नट ओढून बसवलेला स्टड पहिल्याच दिवशी ताणलेला असतो.

आणि पहिल्या सेशननंतर गाडी आली की लगेच गरम चाकावर टॉर्क मारून मोकळे होऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचं चाक स्टीलच्या स्टडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, गरम असताना रेंच टक्‌ वाजेल, थंड झाल्यावर चाक आकसतं आणि तीच पकड कमी भरते. थंड होऊ द्या, मग तपासा.