ब्रेक नसलेली गाडी, चाळिशीतली टीम आणि रात्री साडेअकरापर्यंत चाललेला वाद

काल रंकाळ्यावरच्या आमच्या कट्ट्यावर जे पेटलं ते आज सकाळपर्यंत डोक्यातनं गेलं नाही म्हणून लिहून काढतोय. सुरुवात सच्यानं केली. त्याचं गॅरेज आहे, दिवसभर गाड्यांतच असतो, तो आला तो मोबाईल नाचवतच आला, "भावा ही बघ, ह्या गाडीला ब्रेकच नाही, ना पुढं ना मागं." स्पीडवेचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल रेसचा व्हिडिओ होता. मी म्हटलं आण इकडं, दोन वर्षं इंग्लंडात पीटरबरोला कामाला होतो तेव्हा दुसरं काय बघितलंय मी.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाचशे सीसी, एकच सिलिंडर, एकच गिअर, मेथॅनॉलवर चालणारी गाडी. चार रायडर, दोन्ही टीमचे दोन-दोन, चार राउंड, फिरायचं कायम डावीकडं. मागचं चाक बाहेर फेकत जायचं आणि हँडल मात्र उजवीकडं वळवलेलं. पहिल्याला तीन पॉइंट, मग दोन, एक, शेवटच्याला भोपळा. लीगच्या मॅचला असल्या पंधरा हीट होतात, म्हणजे एकूण नव्वद पॉइंट, त्यात जो शेहेचाळीस करेल तो जिंकला. रेस जेमतेम मिनिटभराची.

मी सांगत होतो २०२१ च्या सीझनबद्दल. ब्रिटनची वरची लीग म्हणजे प्रीमियरशिप, आदल्या वर्षी कोविडमुळं झालीच नव्हती, त्यामुळं लोक भुकेलेले. सहाच टीम होत्या, बेल व्ह्यू, शेफिल्ड, वुल्व्हरहॅम्प्टन, इप्सविच, किंग्स लिन आणि आमचं पीटरबरो. आमच्या टीमवर सगळे हसत होते कारण स्कॉट निकल्स आणि बियार्न पेडरसन दोघं त्रेचाळीसचे, हान्स अँडरसन आणि उलरिक ओस्टरगार्ड चाळीसचे, क्रिस हॅरिस अडतीसचा. म्हाताऱ्यांची टीम म्हणायचे. आणि ऑक्टोबरात त्याच टीमनं फायनलला बेल व्ह्यूला हरवून कप नेला. समोर डॅन ब्यूली, ब्रॅडी कर्ट्झ असली विशी-पंचविशीतली पोरं होती.

एवढं बोललो आणि अभ्या उसळला. "म्हणजे लीगचा दर्जा घसरलाय, दुसरं काय? चाळिशीतले चॅम्पियन होतात तो काय खेळ झाला? चांगले सगळे पोलंडला पळाले असतील."

अभ्याचं अर्धं खरं आहे, तसं मी तिथंच कबूल केलं. पैसा पोलंडमध्ये आहे, तिथली लीग सगळ्यात तगडी आहे, आणि रायडर लोक एका आठवड्यात दोन-तीन देशांत गाड्या पळवतात. पण त्यावरनं हे म्हातारे फुकटात जिंकले म्हणणं मला पटत नाही, अजिबात नाही. अरे हा निकल्स सात वेळा ब्रिटिश चॅम्पियन झालेला माणूस. हॅरिसनं २००७ ला कार्डिफच्या ग्रां प्रीत, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसमध्ये, शेवटच्या वळणावर ग्रेग हॅनकॉकला मागं टाकून रेस मारली होती, तिथले लोक अजून त्या वळणाबद्दल बोलतात. आणि अँडरसन तर पीटरबरोच्या २००६ च्या चॅम्पियन टीममध्ये पण होता, म्हणजे पंधरा वर्षांनी त्याच क्लबला परत कप. त्याच सीझनला इप्सविचकडनं जेसन क्रंप उतरला होता, तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, पंचेचाळिशीत. ह्यांना म्हातारं म्हणायचं तर म्हणा, पण आधी समोर उभं राहून दाखवा.

बंड्या मध्येच म्हणाला, "मग एवढे भारी होते तर बाकीच्या टीमनं का नाही घेतले?" हा प्रश्न मात्र बरोबर होता आणि ह्याच्यातच सगळी गंमत आहे. तिथं प्रत्येक रायडरच्या पॉइंटचं अ‍ॅव्हरेज काढतात, आणि टीम बनवताना सगळ्यांच्या अ‍ॅव्हरेजची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे सगळे स्टार एकाच टीममध्ये भरता येत नाहीत. मग ज्याचं अ‍ॅव्हरेज कागदावर खाली आलंय पण अंगात अजून दम आहे असा माणूस बरोबर हेरायचा. आखाड्यातल्या वस्तादाला जशी नजर असते तशी नजर लागते त्याला. पीटरबरोनं तेच केलं.

आणि दम म्हणजे नुसता जोर नव्हे. मी सोमवारी संध्याकाळी स्टार्टच्या जवळ कठड्याला टेकून उभा राहायचो. रायडर टेपपाशी, म्हणजे स्टार्टला आडव्या लावलेल्या दोरीपाशी, यायच्या आधी बुटानं माती उकरतो, मागच्या चाकाला पकड मिळावी म्हणून, नुसता दोन-तीनदा पाय फिरवतो आणि बरोबर जागेवर गाडी लावतो. तरुण पोरगं खूप उकरतं, ह्यांचं मोजकंच. मग क्लचवर दोन बोटं, नजर टेपच्या दोरीवर, इंजिन किंचाळतंय आणि मान मात्र हलत नाही. टेप वर गेली की पहिल्या वळणापर्यंतच निम्मी रेस संपते. त्यात जोडीनं चालवणं. एक जण पुढं निघाला की दुसरा नुसता त्याच्या मागं पळत नाही, तो प्रतिस्पर्ध्याची आतली लाईन बंद करतो, आणि दोघं मिळून तीन आणि दोन असे पाच पॉइंट काढतात, समोरच्यांना एकच. हे वयानं येतं रे. अभ्याला मी हेच सांगत होतो तर तो म्हणे "पण स्पीड?" अरे सगळ्यांचं इंजिन तेवढंच आहे!

बंड्याचं म्हणणं वेगळंच, तेव्हा सहातल्या चार टीम प्ले-ऑफला, म्हणजे शेवटच्या बाद फेरीला जायच्या, मग सीझनभर मरमर कशाला करायची, जो टेबलात वर तोच चॅम्पियन पाहिजे. पूर्वी तसंच होतं, २००२ पासनं प्ले-ऑफ आले. ह्यावर आमचं अर्धा तास झालं आणि कोण हललं नाही. मला प्ले-ऑफ आवडतात, दोन्हीकडच्या मैदानावर एकेक मॅच असते आणि ऑक्टोबरच्या थंडीत लोक गच्च भरतात, पण बंड्याचा मुद्दा खोटा आहे असं काय मी म्हणणार नाही.

मग अभ्यानं विचारलं, आता ती टीम काय करते.

तिथं माझा आवाज बसला खरं सांगतो. ती टीमच राहिली नाही. २०२३ च्या शेवटाला मैदान गेलं. १९७० पासनं तिथं रेस व्हायच्या, पण जागा क्लबची नव्हती, जागेच्या मालकाला तिथं घरं बांधायची होती. त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनचं पण संपलं. २०१९ ची चॅम्पियन स्विंडन, कप उचलला तो शेवटचाच सीझन ठरला, नंतर त्यांची गाडी ट्रॅकवर आलीच नाही. कव्हेंट्रीचं मैदान त्याच्या आधी २०१६ ला गेलेलं. अभ्या म्हणतो दर्जा घसरला म्हणून लीग मरतेय. मी म्हणतो रायडर आहेत, मेकॅनिक आहेत, तिकीट काढून उभं राहणारी माणसं आहेत, पायाखालची जमीन दुसऱ्याची आहे हे दुखणं आहे. बेल व्ह्यू बघ, २०१६ ला मँचेस्टरला स्पीडवेसाठीच नवीन स्टेडियम उभं राहिलं, आणि २०२२ ला त्यांनी १९९३ नंतर पहिल्यांदा लीग जिंकली, २०२४ ला परत. ह्यावर तो म्हणाला एका उदाहरणावरनं काय सिद्ध होत नाही. ऑक्सफर्डला मैदान बंद पडून दहा वर्षांनी २०२२ ला परत रेस सुरू झाल्या ते सांगितलं, तर म्हणे दोन उदाहरणं झाली. त्याला कोण पटवणार.

मी घरी जाऊन तिथला एक प्रोग्रॅम घेऊन आलो. तिथं प्रेक्षक छापील प्रोग्रॅमवर पेनानं प्रत्येक हीटचा निकाल भरतात, मी पण भरायचो. माझ्यातल्या तेराव्या हीटच्या ओळीवर अजून लाल भुकटी आहे, रायडर वळणावर गेले की ट्रॅकवरची ती बारीक खडी थेट अंगावर यायची आणि घडीत जाऊन बसायची. बंड्यानं बोट फिरवून बघितलं आणि काय बोलला नाही.

सच्या इतका वेळ गप्प होता. तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून रायडरच्या डाव्या पायाकडं बघत बसलेला. वळणावर तो पाय जमिनीवर घासत जातो म्हणून बुटाला खालनं लोखंडी तळ बांधतात. "किती जाडीचा पत्रा असंल रे हा?" म्हणाला. "उद्या तुझा जुना बूट घेऊन ये, वेल्डिंग मी मारतो."