त्या निळ्या नकाशाबद्दल थोडंसं

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा येऊन पडला. कुठल्या देशात धर्म न मानणारे किती टक्के, त्याचा. चीन, जपान, चेकिया (म्हणजे झेक प्रजासत्ताक), एस्टोनिया गडद निळे, आपण पांढरेफटक. खाली आतेभावाची ओळ: "शिकलेले देश बघा आणि आपण बघा." उत्तरादाखल काकांनी हात जोडलेले सहा इमोजी टाकले. चर्चा संपली.

मी कॉलेजपासून देव मानत नाही. म्हणजे तसा आतेभावाच्याच पार्टीतला. पण 'शिक्षण वाढलं की देव आपोआप जातो' हे आपल्या पुरोगाम्यांचं लाडकं गृहीतक त्याच नकाशावर टिकत नाही.

चेकिया आणि पोलंड घ्या. शेजारी शेजारी. भाषा सख्ख्या बहिणी. दोन्हीकडे चाळीसेक वर्षं कम्युनिस्ट राजवट, दोन्हीकडे सगळे शिकलेले. २०२१ च्या जनगणनेत पोलंडमध्ये ७१ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं. त्याच वर्षी चेकियात ४८ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं, आणि आणखी ३० टक्क्यांनी तो रकाना कोराच सोडला. (तिथे या प्रश्नाचं उत्तर देणं ऐच्छिक असतं.)

मला वाटतं, चर्च कुणाच्या बाजूला उभं होतं, तिथे सगळी गोम आहे. चेकांचा धर्मसुधारक यान हुस. चर्चच्या सभेने त्याला पाखंडी ठरवलं आणि १४१५ मध्ये तो जिवंत जाळला गेला. पुढे १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत प्रोटेस्टंट सरदार हरले आणि व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या बादशहाने अख्खा मुलूख सक्तीने पुन्हा कॅथलिक करून घेतला. तीनशे वर्षं चर्च म्हटलं की व्हिएन्नाचं राज्य आठवायचं. म्हणून १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर आठवड्याच्या आत जमावाने प्रागच्या जुन्या चौकातला मेरीचा स्तंभ पाडला. त्याच चौकातल्या हुसच्या पुतळ्याला कुणी हात लावला नाही. नंतरच्या काही वर्षांत दहा लाखांहून जास्त लोक कॅथलिक चर्चमधून बाहेर पडले. कम्युनिस्ट सत्तेवर यायला तेव्हा तीस वर्षं अवकाश होता!

पोलंडची गोष्ट बरोबर उलटी. १७९५ ते १९१८ हा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रियाने वाटून घेतलेला. पोलिशपण टिकलं ते बरंचसं चर्चच्या आडोशाला. १९८० मध्ये कम्युनिस्ट सरकारविरुद्ध ग्दान्स्क बंदरातल्या गोदीत संप झाला तेव्हा कामगारांनी फाटकावर पोपचा फोटो लावला होता, आणि तो पोप पोलिशच होता. अशा ठिकाणी चर्चला जाणं म्हणजे सरकारला ठेंगा दाखवणं. गेल्या काही वर्षांत मात्र तिथलं चर्च सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलं. २०११ मध्ये कॅथलिक सुमारे ८८ टक्के होते, ते दहा वर्षांत ७१ वर आले. एवढ्या वेळात पोलंड काही अचानक सुशिक्षित झाला नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेचं तर मला भारी कौतुक आहे. ना कम्युनिझम, ना युरोपसारखी श्रीमंती. पण १९१९ पासून तिथल्या सरकारी कॅलेंडरवर नाताळ हा 'कुटुंबदिन' आणि ईस्टरआधीचा पवित्र आठवडा हा 'पर्यटन सप्ताह'. आपल्याकडे असं नाव सुचवून बघा.

आता त्या गडद निळ्या रंगाकडे येऊ. २०२० मध्ये जगात कुठल्याच धर्मात न मोडणारे साधारण १९० कोटी लोक होते, असा प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातल्या दर तिघांमधले दोघे एकट्या चीनमधले. पण हेच चिनी लोक छिंगमिंग या पितरांच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, उदबत्त्या लावतात. जपानी माणूस 'मला धर्म नाही' म्हणतो आणि नववर्षाला देवळाच्या रांगेत उभा राहतो. कारण 'धर्म' म्हणून जो शब्द त्याच्यापुढे ठेवतात, तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्त्यांच्या शब्दाला प्रतिशब्द म्हणून. त्याला त्या शब्दातून सभासदत्व, धर्मग्रंथ, प्रचारक असलं काहीतरी ऐकू येतं. देवळात जाणं हा त्याच्या लेखी रिवाज. उलट तिथल्या धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज केली तर ती देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते! एकच देश, हवा तसा रंगवा.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे अख्ख्या भारतात सुमारे ३३ हजार. त्यात महाराष्ट्र पहिला, साडेनऊ हजारांच्या वर. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या मुलखाला हे शोभून दिसतं, पण आकडा बघा. एखाद्या मोठ्या गावाएवढा.

त्या ३३ हजारांत मी नाही. जनगणनेला आलेल्या बाई ओसरीवर बसल्या होत्या. बाबा सांगत होते, त्या लिहीत होत्या. धर्माच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी आडनाव पाहिलं, बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही. बाबांसमोर, परक्या बाईंसमोर, सकाळी सकाळी कुठे वाद घाला! माझ्यासारखे किती जण दारात उभे राहिले असतील, ते नकाशात कुठून दिसणार?

आता २०२७ ची जनगणना येतेय. बाबा नाहीत. मी आईला सांगून ठेवलं, "या वेळी माझ्यापुढे 'धर्म नाही' असं लिहायला सांग."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे यंदा गणपती आणायचा नाही का?"

"आणायचा की. मीच आणीन."

"आणि आरतीला टाळ?"

"मीच वाजवीन."

"मग नक्की काय लिहायचं म्हणालास?"