टर्मिनल लागेलच कशाला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की भविष्यातलं टर्मिनल बांधताना छताखाली कशालाच न बांधलेली मोकळी जागा भरपूर ठेवा, आणि सोडायला येणाऱ्या माणसांचाही विचार करा. तुमचं म्हणणं असं की हा जुना काँक्रीटवाला विचार झाला, पुढच्या पंधरा वर्षांत चेहरा हाच बोर्डिंग पास होणार, बॅग घरून उचलली जाणार, सिक्युरिटी चालता चालता होणार, मग टर्मिनल लागेलच कशाला, एक चांगला कॉरिडॉर पुरे. शिवाय मोकळ्या जागेचे पैसे कोण भरणार, आणि सोडायला दहा-दहा जण येणं ही सवयच मोडायला हवी, एअरपोर्ट म्हणजे एसटी स्टँड नाही.

आधी जिथे आपलं पटतं ते. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून एअरपोर्टमध्ये आत सोडणारं ते ॲप, मी वापरतो आणि मला आवडतं. १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला चालू झालं, पुढच्या वर्षी मुंबईत आलं, आणि दारात तिकीट नि आधार कार्ड हातात धरून उभं राहायची ती रांग खरंच हलकी झाली. पण सकाळच्या गर्दीत मुंबईच्या टर्मिनल दोनला, म्हणजे टी-टू ला, आत जाऊन बघा काय होतं. दारातून माणसं पटापट आत येतात आणि ट्रेपाशी तुंबतात, लॅपटॉप काढा, पट्टा काढा, पुढच्याचा ट्रे परत आलाय, आपला मिळतच नाहीये. एका ठिकाणचा वेळ वाचला की गर्दी पुढच्या ठिकाणी जाऊन बसते. उद्या चांगले स्कॅनर आले आणि ट्रे गेले तर ती गेटवर जाऊन बसेल, कारण विमान सुटणार त्याच्या वेळेला आणि आपला माणूस मात्र हायवेच्या ट्रॅफिकला घाबरून कांदिवलीहून दोन तास आधीच निघालेला असतो. त्यामुळे गर्दी नाहीशी होईल हे मला पटत नाही. ती जागा बदलेल, आणि ती कुठे जाईल हे आज नकाशा काढणाऱ्याला कळूच शकत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि "कॉरिडॉर पुरे" हे आधी करून झालेलं आहे हो! अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा एअरपोर्ट १९७२ मध्ये उघडला तेव्हा कल्पना अगदी तुमचीच होती. मोठा हॉल नकोच, घोड्याच्या नालासारख्या तीन बारीक इमारती, गाडीतून उतरायचं, थोडी पावलं चालायचं की समोर विमान. त्या काळी लोकांना फार कौतुक वाटलं त्याचं आणि वाटणारच, चालायला कोणाला आवडतं. पण तेव्हा अमेरिकेत विमानं पळवून नेण्याचं पेव फुटलं होतं आणि उघडल्यावर जेमतेम दोन महिन्यांत, १९७३ च्या जानेवारीत, प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. आता इतक्या चिंचोळ्या इमारतीत तपासणी बसवायची कुठे? मग दर चार-दोन गेटांमागे एक वेगळं नाकं, प्रत्येक नाक्याला वेगळी माणसं, वेगळी मशिनं, आणि तपासणी झाल्यावर पलीकडे काचेच्या पिंजऱ्यात बसायचं, तिथे धड खायला नाही, टॉयलेटची पण मारामार. लोकांनी पन्नास वर्षं ते सोसलं. शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत दीड अब्ज डॉलर खर्चून एकच मोठं नवीन टर्मिनल उघडलं तेव्हा कुठे सुटका झाली. तिथल्या आर्किटेक्टची अक्कल कमी होती असं मी म्हणणार नाही. त्यानं त्या दिवशीची पद्धत इतकी घट्ट मापाने शिवली की शरीर थोडं बदलल्यावर शिवण उसवायला कापडच उरलं नाही.

यावरून आर्किटेक्ट एरो सारिननबद्दल लिहायलाच हवं, तुम्ही नाव घेतलंय म्हणून तर जास्तच. न्यूयॉर्कचं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं टर्मिनल तुम्ही "भविष्य असं दिसतं" म्हणून दाखवलंत, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं ते काँक्रीट. मलाही ते फार प्रिय आहे. पण सारिननची दोन टर्मिनलं एकाच वर्षी उघडली, १९६२ मध्ये, आणि तो स्वतः दोन्ही पूर्ण झालेली बघायला नव्हता, आदल्या वर्षीच गेला. दुसरं म्हणजे वॉशिंग्टनचं डलस. पक्ष्याचं टर्मिनल एवढं पूर्ण, एवढं रेखीव की त्यात कुठून एक गेट वाढवायचं म्हटलं तरी आकार बिघडतो, आणि मग जंबो जेट आली, प्रवासी वाढले, इमारत तोकडी पडत गेली. २००१ मध्ये टीडब्ल्यूए कंपनी संपली, टर्मिनल बंद झालं, आणि २०१९ पासून तिथे हॉटेल आहे. हॉटेल सुंदर आहे, पण टर्मिनल म्हणून त्या इमारतीचं आयुष्य चाळिशीच्या आतच आटोपलं.

डलसची गंमत तर याहून मोठी आहे. तिथे सारिननने एकाच इमारतीत दोन पैजा लावल्या होत्या. एक पैज यंत्राची. प्रवाशाने चालायचंच नाही, चाकांवरची एक मोठी खोलीच प्रवाशांना घेऊन विमानापर्यंत जाणार. त्या काळातलं ते तुमचं "चालता चालता सिक्युरिटी" समजा, एकदम भविष्यातलं. दुसरी पैज साधी. दोन रांगा खांबांच्या, त्यावर झोळीसारखं लटकवलेलं छत, मध्ये एकही खांब नाही, आणि दोन्ही टोकं अशी ठेवली की पुढे लांबी वाढवता यावी. आता निकाल बघा. विमानं मोठी झाली, एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढणारे वाढले, आणि फिरत्या खोल्यांचा वेळ पुरेना. विमानं वेगळ्या इमारतींना लागायला लागली, खोल्या फक्त ने-आण करायला उरल्या आणि २०१० मध्ये जमिनीखालून ट्रेन आल्यावर बरीचशी ती ने-आणही गेली. छत मात्र १९९६ मध्ये दोन्ही बाजूंनी वाढवून इमारत जवळपास दुप्पट केली आणि आज समोर उभं राहिलात तर जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे चालू होतं ते चटकन कळत नाही. माणूस तोच, साल तेच, इमारत पण तीच. त्यातलं यंत्र आधी म्हातारं झालं.

आता घरून बॅग उचलणं. माझा पूर्ण पाठिंबा आहे, हाँगकाँगला १९९८ पासून शहरातल्या स्टेशनवर बॅग देता येत होती, दिल्लीतही एअरपोर्ट मेट्रोच्या स्टेशनवर सोय आहे, आणि मुंबईत मेट्रो तीन टी-वन आणि टी-टू दोन्हीला जोडलेली असताना दादर किंवा बीकेसीला हे का नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं. पण बॅग घरून निघाली तरी एक्स-रे खालून जाणार, तिची फ्लाइटप्रमाणे वर्गवारी होणार, ती लवकर आली तर कुठेतरी थांबणार. म्हणजे वरचे काउंटर कमी होतील आणि खालचा मजला वाढेल. आणि ते सगळं यंत्रावर सोपवताना अमेरिकेतलं डेन्व्हर आठवा. बॅगांची संपूर्ण ऑटोमॅटिक गाड्यांची व्यवस्था चालेना म्हणून अख्खा नवा एअरपोर्ट सोळा महिने उशिरा, १९९५ च्या फेब्रुवारीत उघडला, ती व्यवस्था पुढे थोड्याशाच भागात अडखळत चालली आणि २००५ मध्ये बंद केली. बॅगा तेवढ्या काळात कशावरून गेल्या? साध्या पट्ट्यांवरून आणि छोट्या ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या गाड्यांवरून. त्यांना जायला जागा होती म्हणून निभावलं.

मुंबईकरांना तर वाईट दिवसाबद्दल सांगायलाच नको. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची, आणि त्यावर वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास माणसं. १ जुलै २०१९ ला भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद होती. २०२५ च्या डिसेंबरात देशभर फ्लाइट्स धडाधड रद्द झाल्या तेव्हा लोक सुटकेसना टेकून फरशीवर झोपले होते, लहान पोरं घेऊन. अशा दिवशी तुमच्या कॉरिडॉरमध्ये काय होईल हो? चेहरा ओळखून दार झटकन उघडेल, पण पलीकडे विमानच नाहीये. टर्मिनल मोजायचं ते अशा दिवशी, आणि तेव्हा लागतं ते पाणी, टॉयलेट, बसायला जागा, आडवं व्हायला जागा, आणि घोषणा ऐकू येईल एवढी शांतता.

सोडायला येणाऱ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं, स्पष्टच सांगतो. रात्री अकरानंतर टी-टू च्या डिपार्चरच्या रस्त्यावर उभं राहून बघा. कोकणातून, सातारा-सांगलीकडून गाडी करून आलेलं अख्खं घर असतं, पोरगं पहिल्यांदा आखातात कामाला चाललेलं असतं, नाहीतर आई लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला चाललेली असते आणि ती उभ्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार असते, एकटी. तिच्याबरोबर सहा माणसं आली तर त्यात सवय मोडण्यासारखं काय आहे? ती सहा माणसं तिला धीर द्यायला आलीत. टी-टू चं डिझाइन करणाऱ्या एसओएम या अमेरिकन फर्मनेसुद्धा आपल्याकडच्या निरोपाच्या आणि स्वागताच्या रीतीसाठी जागा मोठी ठेवल्याचं सांगितलंय, म्हणजे शिकागो-न्यूयॉर्कच्या लोकांना जे कळलं ते आपण जुनाट म्हणून मोडीत का काढायचं? माझी मागणी एवढीच की त्या जागेत सावली असावी, बाकं असावीत, दाराच्या अलीकडे टॉयलेट असावं, आणि आई सिक्युरिटीच्या पलीकडे गेली की नाही हे बाहेरून दिसेल अशी एखादी काच असावी. एसटी स्टँडवर निदान गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभं राहता येतं, आणि ते मी कौतुकानेच म्हणतोय.

पैशाचा मुद्दा तुमचा रास्त आहे, तिथे मी वाद घालत नाही. दुकानं काढा असं मी कधीच म्हणालो नव्हतो. मुंबईत दुकानं, पार्किंग वगैरेच्या उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा हिशोबात धरून विमानतळाचे मूळ चार्जेस तेवढे खाली येतात, म्हणजे त्या दुकानांचा फायदा परफ्यूम न घेणाऱ्यालाही होतो. माझं भांडण वाटेशी आहे. लंडनजवळचं स्टॅनस्टेड टर्मिनल आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरने १९९१ मध्ये केलं तेव्हा एसी, वायरिंग, बॅगा सगळं फरशीखाली घातलं आणि छत फक्त पाऊस अडवायला नि उजेड आत घ्यायला मोकळं सोडलं, आत शिरलं की सरळ समोर विमानं दिसायची, पाट्या वाचायची गरजच कमी. नंतर ड्यूटी फ्रीमधून वळसे घालत जायची वाट केली आणि ती सरळ रेघ गेली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो वळसा म्हणजे शिक्षा आहे. दुकानं वाटेच्या दोन्ही बाजूंना ठेवा, वाट त्यांच्या पोटातून नेऊ नका. तरी एक कबूल करायला हवं, तो वळसा घालता आला आणि उद्या काढताही येईल, कारण छत आणि आतला पसारा एकमेकांत अडकलेले नाहीत. लंडनच्या हिथ्रोचं टर्मिनल पाचही तसंच आहे, आतले मजले वेगळे, वरचं छत वेगळं. ते बांधून होत असतानाच २००६ च्या ऑगस्टमध्ये हातातल्या बॅगेतल्या द्रवपदार्थांवर बंदीचा नियम एका रात्रीत आला आणि बऱ्याच ठिकाणी सिक्युरिटीची जागा अपुरी पडली. असा नियम कधीही येऊ शकतो, म्हणून आतला पसारा हलवता यायला हवा.

मोकळी जागा म्हणजे संगमरवर घालून, एसी लावून रिकामा ठेवलेला हॉल असा तुमचा समज झालाय बहुतेक. मी म्हणतोय ते बरंचसं दिसतच नाही. खांब लांब लांब ठेवणं, मजल्याची उंची थोडी जास्त, उद्या जड स्कॅनर ठेवता येईल एवढी फरशीची ताकद, वायरी-पाइप वरखाली नेणाऱ्या शाफ्टमध्ये रिकामी जागा, मध्ये उभ्या केलेल्या भिंती हलवता येणाऱ्या. नकाशावर हे करायला थोडेच पैसे लागतात, नंतर करायला गेलं की एअरपोर्ट चालू ठेवून तोडफोड करावी लागते, आणि ते काय असतं हे सहारला जुनं टर्मिनल चालू असताना त्याच्याभोवती नवीन उभं राहताना आपण बघितलंय. त्यातूनच टी-टू चा तो लांबट एक्ससारखा आकार आला. त्याच टी-टू मध्ये काही गेट्स रात्री आंतरराष्ट्रीय आणि दिवसा डोमेस्टिकला फिरवता येतील अशी सोय सुरुवातीपासून केली, आणि आपली परदेशी विमानं बहुतेक रात्रीच असतात, म्हणजे तीच जागा दोनदा वापरता येते. मला हवं ते भविष्य हे आहे, तुमच्या माझ्या डोळ्यासमोरचं. आणि ठरलेलं माप बदलणं किती महाग पडतं ते बघायचं तर बोईंगचं ७७७ एक्स बघा, पंख उघडले की जवळपास ७२ मीटर, पण जगभरची बहुतेक मोठी गेट्स ६५ मीटरच्या हिशोबाने बांधलेली, म्हणून जमिनीवर त्याची पंखांची टोकं वर मिटतात. गेट रुंद करण्यापेक्षा विमानाचे पंख मोडते करणं परवडलं!

नवी मुंबईबद्दल तुम्ही विचारलंत. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटतायत, पहिलं टर्मिनल वर्षाला दोन कोटी प्रवाशांचं आहे आणि सगळे टप्पे झाले की नऊ कोटी. म्हणजे बहुतेक सगळं अजून बांधायचंय, म्हणून तर आत्ता बोललं पाहिजे. कमळाच्या पाकळ्यांच्या खांबांवर मला आक्षेप नाही, छान दिसतात. पण पुढच्या टर्मिनलच्या वेळी लोकांनी छताचा फोटो बघून टाळ्या वाजवण्याआधी विचारावं की सिक्युरिटीच्या मागे किती मोकळी जागा सोडलीय, बॅगांच्या मजल्यावर किती वाढ करता येईल, आणि उलवे-पनवेलची बस थेट दारापर्यंत येते का.

तुम्ही स्वतः एअरपोर्टच्या सिस्टिम्सवर काम करता असं लिहिलंय, तर एक विचारतो. चेहऱ्याच्या तपासणीत ज्यांचं जुळत नाही, म्हातारी माणसं, बुरख्यातल्या बायका, आधारवर लहानपणीचा फोटो असलेली मुलं, त्यांच्यासाठी बाजूची मॅन्युअल लेन तुमच्या लेआउटमध्ये किती रुंद धरता, आणि ती गर्दीच्या वेळी आधी बंद होते की शेवटी? हे खाली सविस्तर लिहिलंत तर पुढचा लेख त्यावरच करतो.