दम लागला की डोंगर दिसत नाही

"यादीत गोडोलीचं तळं नाहीच!" सिस्टरनी बापूंच्या हातातला मोबाइल घेतला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि परत दिला. "दहा रूट, आणि दहाच्या दहा डोंगरावर. ही यादी पळणाऱ्यांसाठी आहे का ड्रोनसाठी?"

रविवार, सकाळचे साडेसात. पोवई नाक्याजवळची आमची नेहमीची टपरी, वर पावसाची भुरभुर. हिल मॅरेथॉन तोंडावर आलेली, त्यामुळे अख्खा सातारा सध्या यवतेश्वरच्या घाटात सापडतो. यादी इंजिनिअरची. रात्री अकराला ग्रुपवर टाकलेली, नाव 'साताऱ्यातले दहा निसर्गरम्य रनिंग रूट : सर्वांसाठी'. त्यातला 'सर्वांसाठी' सिस्टरना झोंबला होता.

इंजिनिअर म्हणजे मनगटावर घड्याळ, छातीला ठोके मोजायचा पट्टा, कमरेला पाण्याच्या दोन बाटल्या. बसण्याआधी त्याने घड्याळ थांबवलं, ते थांबलंय याची खात्री केली आणि मग म्हणाला, "सिस्टर, २०१५ ला आपल्या शर्यतीचं नाव गिनीज बुकात गेलं ते काय गोडोलीच्या तळ्यामुळे? घाट आहे म्हणून साताऱ्याला किंमत आहे."

"घाटाला मी कुठं नाही म्हणते? नऊ वर्षं पळतेय त्या घाटात. पण बापूंना विचारा, शेवटचं कधी पळाला होता?"

बापूंचं पेढ्यांचं दुकान. वय पन्नास, गेल्या महिन्यात रिपोर्टमध्ये साखर निघाली, डॉक्टरांनी चाला-पळा म्हणून सांगितलं. बापूंनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "दहावीला. मास्तर मागं लागले होते तवा."

टपरीवाल्याच्या हातातली किटली हलली.

"झालं," सिस्टर म्हणाल्या, "आणि ह्यांच्या यादीत बापूंचा पहिला रूट यवतेश्वर. निसर्गरम्य म्हणजे काय हो? बघायला मिळालं तर रम्य. ज्याला दम लागलाय त्याला डोंगर दिसत नाही, डांबर दिसतं."

हे मला इतकं पटलं की मी मध्ये पडलो. पहिल्या पावसाळ्यात मीही थेट घाट धरला होता. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी सोडली तर त्या दिवसातलं एक चित्र आठवत नाही. मग दोन वर्षं सपाटीवर घालवली आणि पुन्हा वर गेलो, तेव्हा कळलं की कासच्या रस्त्याला लागल्यावर एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. रस्ता तोच होता. पहिल्या वेळी मान वर करण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता.

"तेच म्हणतो मी," इंजिनिअर म्हणाला. मी तसं अजिबात म्हणालो नव्हतो. "चढ केला की स्टॅमिना वाढतो. आणि येताना उतारच असतो, उताराला काय लागतं?"

"गुडघे लागतात," सिस्टर.

मग त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला आणि बापूंना नीट समजावलं. चढाला फुप्फुसं दमतात, ती पाच मिनिटं उभं राहिलं की शांत होतात. उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे अंगाला ब्रेक लावणं. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, गुडघ्यावर दाब येतो. त्यातून वजन जास्त असेल आणि सवय नसेल तर फारच. "चढ किती होता ते त्याच दिवशी कळतं. उतार किती होता ते दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं."

"ह्याच्या मेव्हण्याला विचारा," फौजदार बाकाच्या टोकावरून म्हणाला. फौजदार म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं, माण तालुक्यातलं, इथं खोली घेऊन राहतं. "गेल्या जुलैत घाटात न्हेलता. खाली रिक्षानं आणला."

"त्याने शूज चुकीचे घातले होते!"

"मेव्हणा अजून बोलत न्हाई म्हणं."

"बोलतो!"

"राखीपौर्णिमेला बी आला न्हाई लका."

यावर पाच मिनिटं गेली. मेव्हणा, सासुरवाडी, मेव्हण्याच्या लग्नात इंजिनिअरने वरातीचं अंतर घड्याळावर मोजलं होतं ती गोष्ट, सगळं निघालं. शेवटी इंजिनिअर चिडून म्हणाला, "मग सांगा ना तुम्ही, बापूंनी कुठं पळायचं? स्टेडियमच्या ट्रॅकवर गोल गोल? तिथं काय निसर्ग आहे?"

"तिथं ४०० मीटर हायत," फौजदार म्हणाला. "मला १६०० काढायचंय, चार फेऱ्या. झाडं मोजली तर मार्क देत न्हाईत." आणि मग, जरा खाली बघत, "आमच्याकडं माणात निसर्गरम्य म्हंजी बाभळ. ललिताताई बाबर तिथल्याच, मोही गावच्या. त्या माळानं पळत पळत २०१६ ला रिओत गेल्या, तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हंजी अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला. दहाव्या आल्या. त्यांनी कुठला रूट निवडला होता?"

क्षणभर कुणी बोललं नाही. इंजिनिअरनेही घड्याळाकडे पाहिलं नाही. ललिता बाबरचं नाव निघालं की आमच्या कट्ट्यावर असंच होतं, आणि व्हायलाच हवं.

"पण बापूंना रिओला जायचं नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. "बापूंना उद्या परत यायचंय. नवीन माणसाला बघण्यासारखं काहीतरी हवं, नाहीतर तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढतो. म्हणून गोडोलीचं तळं. सपाट आहे, वर अजिंक्यतारा दिसतो, आणि दमलं तर बसायला जागा आहे. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. महिनाभर एवढंच."

"आणि मग?" बापू.

इथं मी माझं घोडं पुढे दामटलं. मग संगम माहुली. शहरापासून पाचएक किलोमीटर, नदीपर्यंत हलका उतार, परत येताना हलका चढ. घाटाची ओळख व्हावी, पण ओझं होऊ नये इतकाच. पहाटे निघावं, हायवे सांभाळून ओलांडावा. कारखाने सुरू झाले की कोरेगाव रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात, तेव्हा तो रस्ता टाळावा. पण आत्ता, कृष्णा-वेण्णा दोन्ही भरलेल्या असताना, काळ्या दगडाच्या घाटावर जाऊन उभं राहावं. थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथंच आहे. वाघापासून धन्याला वाचवलेला तो कुत्रा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथं पोचलं की मला दर वेळी वाटतं, आपल्या गावात पळायला मिळतं हे केवढं भाग्य आहे.

"रामशास्त्री माहुलीचेच," सिस्टर म्हणाल्या. "निकाल झाला."

"आणि अजिंक्यतारा?" इंजिनिअर. त्याचा आवाज एव्हाना बराच खाली आला होता. "१७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झालेला किल्ला आहे. त्याला तरी यादीत ठेवा."

"ठेवा की. पण तिसऱ्या पायरीवर. डांबरी रस्त्याने वर चालत जायचं, जमेल तिथं पळायचं, उतरताना मुकाट चालायचं. पावसात कडेला शेवाळ असतं. वर गेलं की यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर सगळं एका जागी उभं राहून दिसतं. आणि ज्याला हे सगळं करून गुडघा दुखत नाही, त्याने घाटात जावं. तेही रविवारी उजाडल्यावर नाही. फुलांचा हंगाम लागला की कासच्या गाड्या वळणावर कुणासाठी थांबत नाहीत. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळायचं, आणि आंधळं वळण आलं की चालायचं."

इंजिनिअरने मोबाइल काढला. 'सर्वांसाठी' खोडलं. मग बराच वेळ टाइप करत बसला. गोडोली एक नंबरला आलं, माहुली दोनला. चुका मान्य करायला माणूस मोठा लागतो, आणि मला तो त्या क्षणी मनापासून आवडला. फक्त घाटाच्या पुढचे तीन तारे काही त्याने कमी केले नाहीत.

"एक राहिलं," सिस्टर बापूंना म्हणाल्या. "गोळ्या चालू आहेत ना? काही गोळ्यांवर असताना पळताना साखर एकदम खाली येते. डॉक्टरांना आधी विचारा, आणि काहीतरी गोड खिशात ठेवा."

बापूंचा चेहरा उजळला. "म्हंजी पेढा चालतो!"

"खिशात. तोंडात नाही."

"आन् किती जोरात पळायचं ते कसं कळणार? माझ्याकडं असलं घड्याळ न्हाई."

"घड्याळ नको. पळताना शेजारच्याशी सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. नाही आली तर चाला. उद्या पावणेसहाला तळ्यावर या, माझी नाइट संपवून मी तिथंच येते."

बापू विचारात पडले. "पर सिस्टर, पहाटं पहाटं बोलायचं काय?"

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही पैज लावली होती, ही बाई घाटातनं पळत परत आली तर किलोभर कंदी पेढे. मी आले. पेढे का आले नाहीत ते सांगा. दोन फेऱ्या आरामात होतील."

"दोन कशाला," फौजदार म्हणाला, "बापूंची मॅरेथॉन व्हईल की लका!"

टपरीवाल्याने हसत हसत सगळ्यांचे ग्लास गोळा केले, आणि चहाचे पैसे बापूंकडून घेतले.