दोन लाखांची एसटी

ज्याला गिटार येते तो गिटार वाजवतो. ज्याला येत नाही तो गिटारीबद्दल वाचतो. माझं वाचन दांडगं आहे. पिकअपवर तारेचे वेढे किती असावेत, बॉडीला ॲशचं लाकूड बरं की ऑल्डरचं, रंगाचा थर जाड असला तर आवाज गुदमरतो का, यावर मी समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलू शकतो. वाजवून दाखव म्हटलं की सी कॉर्ड येतो, जी येतो, आणि एफ कॉर्ड आला की खालच्या दोन तारा फक्त 'ठप्प' म्हणतात. जपानी शिकाऊ मंडळी याला 'एफची भिंत' म्हणतात. काहीजण ती ओलांडतात, काहीजण गिटार विकून मोकळे होतात. मी त्या भिंतीला टेकून संसार थाटला आहे.

अशा माणसाला टोकियोत राहू देऊ नये. राहू दिलंच, तर निशी-कसाईत, आपल्या देशी माणसांच्या गराड्यात ठेवावं आणि ओचानोमिझूला एकटं सोडू नये. ओचानोमिझू स्टेशनच्या एका बाजूला मोठमोठी इस्पितळं आहेत आणि दुसऱ्या बाजूला, मेइजी विद्यापीठाच्या उतारावर, ओळीने गिटारची दुकानं. इतक्या गिटारी एका रस्त्यावर पाहिल्या की बाकीच्या जगात कोणी काही वाजवत असेल का, अशी शंका येते. मी गेलो होतो दाढ दाखवायला. परत येताना अर्धा जबडा बधिर होता आणि पाय आपोआप उताराकडे वळले. भुलीचं इंजेक्शन घेतल्यावर दोन तास गरम काही खाऊ नका, असं डॉक्टर सांगतात. काही विकत घेऊ नका, हे का सांगत नाहीत?

एका दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर 'जपान व्हिंटेज' अशी पाटी होती आणि तिच्याखाली शेजारी शेजारी दोन टोकाई टांगलेल्या होत्या. टोकाई ही हमामात्सूची कंपनी. सत्तरचं दशक सरता सरता तिने फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची अशी नक्कल केली की हेडस्टॉकवरची, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरची, अक्षरंसुद्धा त्याच वळणाची काढली. चार पावलांवरून फेंडर वाचावं, नाक लावलं की टोकाई. मॉडेलचं नाव एसटी. आता, एसटी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्वारगेट येतं, आणि तिथे एका चिठ्ठीवरचे दोन लाख अठरा हजार येन हे भाडं कुठल्याच फलाटावर लागत नाही.

या काळातल्या जपानी गिटारींची एक खोड मला फार आवडते. किंमत नावातच असते. एसटी-५० म्हणजे पन्नास हजार येन, एसटी-८० म्हणजे ऐंशी हजार. ग्रेको या दुसऱ्या जपानी ब्रँडची ईजी-५०० म्हणजे तीही पन्नास हजारांची. आकडा चढला की लाकूड, रंग, पिकअप सगळं चढत जायचं. व्यवहार एकदम स्वच्छ. पण त्याचा परिणाम असा की चाळीस वर्षांनी त्या भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला आपण मुळाच्या किती पट मोजतोय हे तोंडी करता येतं. एसटी-५० वर चिठ्ठी होती १,२८,००० ची, एसटी-८० वर २,१८,००० ची. अडीच पट आणि पावणेतीन पट. समोरच्या भिंतीवर नवी कोरी, हमीसकट मिळणारी गिटार पन्नास हजारांच्या आत होती, पण तिच्याकडे बघायला 'जपान व्हिंटेज'च्या पाटीखालचा माणूस तयार नसतो.

खरी मेख पुढेच आहे. या गिटारी नावारूपाला आल्या त्या स्वस्त म्हणून. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली आणि सत्तरच्या दशकात अमेरिकन गिटारी जड, महाग आणि निष्काळजी होत गेल्या, असं जाणकार सांगतात. तेवढ्यात जपान्यांनी फेंडरच्याच जुन्या, चांगल्या गिटारी उघडून, मोजून, निम्म्याहून कमी पैशात तशाच बनवायला घेतल्या. हे करणारे हात काही जन्मजात गिटारवाले नव्हते. मात्सुमोतोच्या मात्सुमोकू कारखान्यात आधी सिंगरच्या शिलाई मशीनच्या पेट्या व्हायच्या. पण सुतारकाम पक्कं होतं. शेवटी १९८२ साली फेंडरनेच कांदा शोकाई आणि यामानो या दोन कंपन्यांबरोबर फेंडर जपान काढली आणि गिटारी बनवायचं काम मात्सुमोतोच्याच फुजीगेनला दिलं. या कांदा शोकाईचाच एक ब्रँड म्हणजे ग्रेको, आणि ग्रेकोच्या नकला फुजीगेनच करत होती. नक्कल थांबवायची तर नक्कल करणाऱ्यालाच असल बनवायला द्यावी, हा तोडगा मला कमालीचा समजूतदार वाटतो.

मग जगभर बोलबाला झाला: जपानी घ्या, स्वस्त आहे, असलच्या तोडीची आहे. ही बातमी चाळीस वर्षं सगळ्यांना समजत राहिली. ज्याला ज्याला समजली त्याने एकेक उचलली. आता मी जे दोन लाख मोजणार होतो ते या गिटारीच्या स्वस्तपणाच्या कीर्तीचे. 'स्वस्त आणि मस्त' या मंत्रावर वाढलेल्या माणसासाठी याहून क्रूर सापळा कोणी रचला नसेल. स्वस्त पडते म्हणून मी ती महाग घ्यायला निघालो होतो.

त्यात पुन्हा 'लॉसूट'ची, म्हणजे कोर्टातल्या दाव्याची, फोडणी. १९७७ साली गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. वाद हेडस्टॉकच्या आकाराचा. आयबानेझने तो आकार आधीच बदललेला होता आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. फेंडरच्या नकलांचा किंवा टोकाईचा त्या दाव्याशी काही संबंध नाही. पण परदेशातले विक्रेते सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी दिसली की 'लॉसूट गिटार' अशी चिठ्ठी लावून भाव चढवतात. एप्रिलमध्ये पुण्याच्या मार्केटयार्डात कर्नाटकच्या आंब्यालाही देवगडची पेटी मिळते, त्यातलाच प्रकार. खरं म्हणजे हेटाळणी करण्याचा मला हक्क नाही. कॉलेजात मी जी पहिली गिटार घेतली तिच्यावर एका जगप्रसिद्ध अमेरिकन नावातलं एकच अक्षर बदललेलं होतं. जपान्यांनी निदान गिटारही नकलली. आमच्यात काम नावावरच आटोपलं होतं.

दुकानातल्या मुलाने वाकून विचारलं, वाजवून बघणार का? मी बधिर जबड्याने जे काही जपानी बोललो त्यातून त्याने होकार काढला. मग तो गिटार उतरवतो, पुसतो, सुरात लावतो, ॲम्पला जोडतो, तुमच्यासाठी स्टूल ओढतो आणि दोन्ही हातांनी गिटार हातात देतो. एवढा मान मिळाल्यावर सी आणि जी वाजवून थांबणं फार अवघड असतं. मी डी वाजवला. मग पुन्हा सी. शेजारच्या स्टुलावर दप्तर पाठीला असलेला एक शाळकरी मुलगा असा काही वाजवत होता की मी माझ्या ॲम्पचा आवाज हळूच शून्यावर नेला आणि चेहऱ्यावर लाकूड पारखणाऱ्याचे भाव आणले.

नंतर एसटी-८०. फरक होता. शपथेवर सांगतो, फरक होता. नेक हातात कशी आपली वाटत होती, आवाजाला कसली तरी खोली होती. ही खोली मला चिठ्ठी वाचण्याआधी जाणवली की नंतर, एवढाच मुद्दा अनिर्णित राहिला. चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड वेगळं झंकारतं, हेही मी वाचलेलं आहे. फक्त आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारचे आजोबा शिंकले तर आम्ही 'जीते रहो' म्हणतो. तिथे मी गिटार वाजवणार ती हेडफोन लावून. चार दशकं मुरलेला तो झंकार काडेपेटीएवढ्या हेडफोन-ॲम्पमधून माझ्या कानात येणार, आणि आला की त्याच्यापाठोपाठ एफचा 'ठप्प'ही तितकाच मुरलेला येणार.

भाव करावा, तर टोकियोत तीही सोय नाही. ओसाकात म्हणे थोडंफार चालतं. इथे 'काही कमी होईल का' असं विचारलं की दुकानदाराला मनापासून वाईट वाटतं, आणि त्याला वाईट वाटलेलं बघून आपल्याला त्याहून. मी तरी जुन्या सवयीने, नकोशी झाल्यासारखी गिटार परत दिली, दाराकडे दोन पावलं टाकली आणि मागून हाक येण्याची वाट पाहिली. हाक आली. 'आभारी आहोत, पुन्हा या.'

रविवारी बायकोला घेऊन गेलो. तिने वाटेत एकच विचारलं, "अरे, तुला गिटार हवी आहे की गिटारीची गोष्ट?" असे प्रश्न चालत्या ट्रेनमध्ये विचारू नयेत. मी विषय बदलून कानाच्या परीक्षेचा प्रस्ताव मांडला: ती पाठ करून उभी राहील, मी दोन्ही गिटारींवर तेच ते वाजवीन, तिने चांगली कुठली ते सांगायचं. शास्त्र म्हणजे शास्त्र. मी वाजवलं. ती म्हणाली, "दुसरीपेक्षा पहिली बरी. पण तिसरी सगळ्यांत छान." तिसरी मी वाजवलीच नव्हती. केबल खरखरत होती म्हणून दुकानातल्या मुलाने ती बदलली आणि ठीक आहे ना बघायला समोरच्या भिंतीवरच्या पन्नास हजारांच्या आतल्या गिटारीवर दोन सूर छेडले होते. मुलगा जमिनीकडे बघत गंभीरपणे मान हलवत राहिला. "वाजवणारा वेगळा होता," मी म्हणालो. "तेच तर," ती म्हणाली.

त्या रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल. आईने फिंगरबोर्डचं लाकूड कसलं विचारलं. काही मॉडेल्सना भारतीय रोझवूड असतं, म्हणजे आपला शिसव, असं सांगितल्यावर ती म्हणाली की माळ्यावर आजीच्या पलंगाचे शिसवी पाय पडून आहेत, हवे तर पाठवते. बाबांना सेकंडहँड या शब्दापुढे ऐकूच आलं नव्हतं.

"रुपयांत किती?"

"महागडी सव्वा लाखाच्या आसपास."

"अरे, त्र्याऐंशी साली सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांत अख्खी मारुती मिळत होती. स्टेपनीसकट."

"बाबा, सुझुकी हमामात्सूचीच. ही गिटारपण हमामात्सूची. तुमची मारुती आणि ही, एकाच गावच्या म्हणायच्या."

इथे बाबा पहिल्यांदा थांबले. त्यांच्या पांढऱ्या मारुती ८०० ने आमच्या घरात जी सेवा केली तिच्याविषयी ते अजून भूतकाळात बोलत नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पण वस्तू जुनी झाली की किंमत उतरते."

"हिची चढते."

"मग वाजवू नकोस. लॉकरमध्ये ठेव."

हा सल्ला बायकोला सर्वार्थाने पटला.

तरीही तिढा सोडवला तिनेच. तिचं जपानी वाचन माझ्याहून चांगलं आहे, आणि मुख्य म्हणजे ती चिठ्ठी शेवटपर्यंत वाचते. पुढच्या खेपेला तिने एसटी-५० ची चिठ्ठी हातात धरून खालची बारीक अक्षरं वाचायला घेतली. जपानी दुकानदार वस्तूचे दोष ज्या बारकाईने लिहितात, तसे आपल्याकडे फक्त व्याही लिहितात. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, सात आणे... म्हणजे दहातले सात भाग शिल्लक. ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांडीला, वाव आहे. व्हॉल्यूमचा पॉट बदललेला. मागच्या बाजूला बकलचे ओरखडे. आणि हेडस्टॉकवर सिगारेटने भाजल्याचा डाग, त्यामुळे किंमत १,४५,००० वरून १,२८,०००.

मी गिटार प्रकाशात धरली. सहाव्या तारेच्या खुंटीजवळ करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग होता. तारेच्या उरलेल्या टोकात पेटती सिगारेट खोचून वाजवायची वादकांची जुनी सवय. म्हणजे कुणा अज्ञात जपानी बाप्याने वाजवता वाजवता सिगारेट विसरून माझ्यासाठी सतरा हजारांची घासाघीस कधीच करून ठेवली होती, आणि मी इकडे दाराकडे पावलं टाकत बसलो होतो. एसटी-८० निष्कलंक होती. तिच्यावर एक ओरखडा नव्हता, म्हणजेच एक येनही सुटणार नव्हता. मी तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

"हीच," मी म्हणालो.

"डागासाठी?" बायको.

"वाजवून घेतलेली आहे ती. कोणीतरी."

दुकानातल्या मुलाने तारांचा एक संच फुकट दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आला. खाली उतरल्यावर हेडफोन-ॲम्प, पट्टा आणि स्टँड घेतला, ज्यात सतरातले बहुतेक हजार जागच्या जागी परतले. पण तो हिशेब वेगळ्या वहीत जातो.

संध्याकाळी बाबांना फोन लावून गिटार दाखवली. पुढून, मागून, हेडस्टॉक, डाग. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन सगळं पाहिलं, पत्रा तपासावा तसं. मग म्हणाले, "वाजव." मी सी वाजवला, जी वाजवला, आणि भरात येऊन एफसुद्धा धरला. सहापैकी चार तारा बोलल्या.

"स्टार्ट तर होते," बाबा म्हणाले. "ॲव्हरेज किती देते?"