सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने

नमस्कार,

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ह्युरॉन सरोवरात असलेल्या मॅकिनॅक बेटाच्या पायी प्रदक्षिणेवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप तीन: सपाट डांबरी रस्त्याला 'हाइक' म्हणू नये, सायकलने दीड तासात होणाऱ्या फेरीवर साडेपाच तास घालवू नयेत, आणि भरभर चालणाऱ्यांना मागच्यांसाठी ताटकळत ठेवू नये. पहिला अर्धा मान्य. तिसरा मात्र अजिबात नाही, आणि त्यासाठीच हे लांबलचक उत्तर.

रस्ता सपाट आहे हे खरंच. एम-185 हा मिशिगनचा राज्य महामार्ग पाण्याच्या कडेकडेने साधारण 13 किलोमीटरचा फेरा मारतो आणि त्यावर मोटारींना बंदी आहे. घोडे बुजतात म्हणून गावाने 1898 साली मोटारी बंद केल्या, त्या बंदच राहिल्या. चढच हवा असेल तर बेटाच्या आतल्या भागात, टेकाडावर फोर्ट होम्स हा जुना किल्ला आहे. आम्ही फक्त आर्च रॉकच्या पायऱ्या चढलो. चुनखडीची ती कमान पाण्यापासून जवळपास 45 मीटर वर आहे, आणि तिच्यातून खाली पाहिलं की ह्युरॉन सरोवराचा तळ उथळ पाण्यातून हिरवा दिसतो.

सायकलचं म्हणाल तर, मीही ती फेरी सायकलने केली आहे. ब्रिटिश लँडिंगला थांबले नव्हते. या वेळी तिथे अर्धा तास बसलो. 17 जुलै 1812 च्या पहाटे ब्रिटिश सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं, तोफ ओढत फोर्ट मॅकिनॅक या अमेरिकन किल्ल्याच्या मागच्या टेकाडावर चढलं, आणि अमेरिका-ब्रिटन युद्ध पुकारलं गेल्याची खबरही न मिळालेल्या अमेरिकन शिबंदीने न लढता किल्ला सोडला. हे मला आधी ठाऊक होतं. पण त्या गोट्यांवर बूट सरकत असताना, पलीकडे झाडीत चढणारी वाट बघताना, तोफ ओढणं म्हणजे काय ते कळलं.

आता तिसरा मुद्दा. आमचा नियम असा होता की पुढच्यांनी हवं तेवढं भरभर चालावं, पण मैलाचा खांब आला की थांबावं. आणि शेवटचा माणूस पोचल्यावर लगेच निघायचं नाही, त्यालाही पाच मिनिटं बसू द्यायचं. गटात नेहमी चूक होते ती इथे. पुढचे विसावा घेऊन ताजेतवाने होतात, मागचा धापा टाकत येतो आणि तेवढ्यात सगळे "चला" म्हणत उठतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही.

ब्रिटिश लँडिंगच्या पुढे एका मैत्रिणीच्या आई रस्ता सोडून कडेच्या गवतावरून चालायला लागल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी त्यांना बसवून बूट काढायला लावला, तर मोज्याची चुणी टाचेखाली गेलेली आणि तिथे टपोरा फोड. पाय पुसून कोरडा केला, पट्टी लावली, माझे जादा मोजे घातले. म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणून बोलले नाही गं." पुढचे लोक खांबाशी थांबलेलेच होते, म्हणून मैत्रिणीच्या आईंना घाई करावी लागली नाही. पुढे निघून गेले असते तर त्यांनी तो पाय तसाच ओढत नेला असता.

एरवी कुणी दमलं की आपण "तू थांब, मी गाडी घेऊन येतो" म्हणतो. तिथे ती सोय नाही. गावात घोड्यांच्या टॅक्सी आहेत, आणीबाणीला रुग्णवाहिकाही आहे, पण टाचेच्या फोडासाठी रुग्णवाहिका बोलवायची नसते. जो चालत गेला तो चालतच परत येणार, आणि फेरीबोट गाठायची तर सगळ्यांनीच गाठायची. म्हणून वेळेचा हिशेब मी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीवर बांधला, आणि वर एक तास राखून ठेवला.

माझी खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली आहे. आम्ही आधी पूर्व किनारा घेतला. सकाळचं ऊन तोंडावर, आणि दुपारी पश्चिमेला, मॅकिनॅक पूल समोर दिसत असताना, पुन्हा ऊन तोंडावर. उलट्या दिशेने गेलो असतो तर दोन्ही वेळा टेकाडाची आणि झाडांची थोडीफार सावली मिळाली असती. शिवाय मी 'सोपी, कुणालाही जमेल अशी' असं लिहिलं होतं. डांबरावर 13 किलोमीटर ज्यांना सवय नाही त्यांच्या टाचांना सोपे जात नाहीत. ते वाक्य आज काढलं, दिशेबद्दलही भर घातली.

सप्टेंबरमध्ये पुन्हा जाणार आहोत, या वेळी उलट्या दिशेने. तुम्ही जरूर या आणि खुशाल सगळ्यांच्या पुढे चाला. फक्त मैलाच्या खांबाशी थांबा.