प्लग काढा ओ पाव्हणं!

रविवारच्या लग्नाचे फोटो काल फॅमिली ग्रुपवर आले. पाच-सहाशे फोटो असतील, त्यात मी फक्त एका फोटोत आहे आणि त्यातही माझं डोकं बॉनेटच्या आत आहे. खाली बायकोच्या मावसबहिणीनं लिहिलंय, "जिजू फुल फोकसमध्ये." तिला काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. आमची गाडी मारुती आठशे, 1997 ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनला कॉम्प्युटर नसलेली. सातारा ते कराड, म्हणजे खरं तर तासाभराचं काम, पण हायवेला सहापदरीचं खोदकाम चालू, त्यामुळे डायव्हर्जनवर डायव्हर्जन, गिअर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला करत मुंगीच्या पावलानं चाललो, उंब्रज ओलांडलं आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली. बायको म्हणाली पोराची गाडी आणायला हवी होती. मी म्हणलं पोहोचतोय ना. पोहोचलो पण. बरोब्बर कार्यालयाच्या कमानीखाली पोहोचलो आणि बंद पडलो. मागं नवरदेवाची उघडी जीप, तिच्या मागं बँड, बँडच्या मागं घामानं डबडबलेली नाचणारी पब्लिक. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा.

आता हे लक्षात घ्या की आठशे ही काही रणगाडा नाही. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. बँडमधली चार पोरं ढोल खाली ठेवून पुढं पण आली होती, दोन मिनिटांत गाडी बाजूला लागली असती, नवरदेव आत गेला असता आणि मी हात धुऊन अक्षता घेऊन उभा राहिलो असतो. पण तेवढ्यात मामा आले.

कुणाचे मामा, ते मला अजून कळलेलं नाही. गुलाबी फेटा, पांढरेशुभ्र कपडे, खिशाला दोन पेनं. त्यांनी हात वर केला आणि पोरं थांबली.

"मालक कोन?"

"मी. जरा ढकलून बाजूला—"

"ढकलायची न्हाई. ढकलून म्हस दूध देती व्हय? प्लग काढा."

"अहो पण आधी रस्ता मोकळा—"

"प्लग काढा ओ पाव्हणं! प्लगपाना हाय का?"

प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो, आणि तो खोलायचा पाना होता माझ्याकडं. डिकीत, पोत्यात गुंडाळून. पाना आहे म्हणल्यावर मामांचा चेहरा जरा पडला, मला वाटतं जुन्या गाडीवाल्यानं पाना ठेवावा की नाही यावर त्यांचं एक भाषण तयार होतं. पण सावरले. बॉनेट वर केलं, वाकले, आणि मी काही बोलायच्या आत तिन्ही प्लगच्या वायरी एकदम उपटून हातात घेतल्या.

"अहो मामा, एकेक काढा, नंबर चुकतील!"

"चुकत्यात कशानं? तीनच तर हायत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. आठशेचं इंजिन तीन सिलेंडरचं, स्पार्कचा क्रम एक-तीन-दोन. तीन वायरी तीन जागी सहा तऱ्हांनी बसतात, त्यातली एकच तऱ्हा बरोबर. म्हणून डोकं ताळ्यावर असलेला माणूस एक वायर काढतो, एक प्लग बघतो, परत बसवतो, मग दुसरीला हात लावतो. आणि इंजिन तापलेलं असताना तर प्लगला हातच लावू नये, हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात, आणि आटे गेले की शंभर-सव्वाशेच्या प्लगपायी हेड उतरवायची वेळ येते. हे सगळं मी मामांना सांगितलं. मामा "बराबर हाय" म्हणाले आणि पान्यावर दोन्ही हातांनी लोंबकळले.

पहिला प्लग आला. टोकाला छान तपकिरी, चहातल्या बिस्किटाचा रंग. दुसरा तसाच. तिसरा काळाकुट्ट, कोरडी काजळी. मामांनी तो नाकाला लावला, डोळे मिटले आणि गर्दीला म्हणाले, "ह्यो बगा चोर."

खरं तर प्लग चोर नसतो, त्याची अवस्था बिचाऱ्या साक्षीदाराची असते. काळा कोरडा झाला तर पेट्रोल जास्त येतंय किंवा स्पार्क कमी पडतोय, एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय. तेलकट ओला झाला तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सीलं गेलीत. पांढरा फटक पडला तर गाडी तापतेय. डॉक्टर जीभ बघतो ना, तो काय जिभेला मारत नाही. पण आपल्याकडं गाडी बंद पडली की आधी प्लगलाच धरून बडवायचं.

"पॉलिश पेपर आना!" मामा ओरडले.

लग्नात पॉलिश पेपर कुठनं येणार? पण गर्दीत कायम एक हुशार पोरगं असतं. ते पळत आत गेलं आणि नवरीच्या खोलीतनं पार्लरवाल्या ताईंचं नेल फायलर घेऊन आलं. मागनं ताई पण आल्या, हातात मस्काऱ्याची कांडी तशीच.

"ते माझं फायलर आहे! चांगल्या क्वालिटीचं आहे!"

"ताई, नखापरीस प्लग महत्त्वाचा," मामा म्हणाले.

"अहो नवरीचा अंगठा राहिलाय!"

"अंगठा काय पळून जातोय? मुहूर्त जातोय!"

आणि मामा घासत बसले. अगदी तब्येतीत. मधेच फुंकर मारायचे, उन्हात धरून बघायचे, परत घासायचे. फायलर काळंठिक्कर पडलं. ताई माझ्याकडं बघत होत्या. माझ्याकडं! मी फायलर मागितलं होतं का?

मग गॅप. प्लगच्या दोन टोकांत पाऊण मिलिमीटरच्या आसपास फट लागते, ती मोजायला फिलर गेज नसेल तर निदान हॅक्सॉचं पातं घालून बघतात. मामांनी लग्नाची पत्रिका मागवली. पत्रिकेचा कोपरा मुडपून फटीत घालणार तोच नवरीचे आजोबा काठी टेकत पुढं आले, "आरं, गणपतीची बाजू घालतो व्हय रे त्यात? दुसऱ्या बाजूनं घाल." मग पत्रिका उलटी केली आणि 'कृपया आहेर आणू नये' हा भाग प्लगमध्ये घातला. सगळ्यांनी मान डोलावली.

आतनं माईकवर चालूच होतं, "पांढऱ्या मारुतीच्या मालकांना विनंती आहे, आपली गाडी गेटातून काढावी. मुहूर्ताची वेळ झालेली आहे." निवेदक दर वेळेला 'पांढऱ्या मारुतीचे मालक' इतक्या प्रेमानं म्हणायचा की पंक्तीतल्या म्हाताऱ्या बाया मान वळवून बघायला लागल्या.

"मारा स्टार्टर, करंट बगतो," मामा म्हणाले. वायर लावलेला प्लग त्यांनी हातात धरून इंजिनच्या पत्र्याला टेकवला. मी म्हणलं पक्कडीनं धरा. ऐकतील तर मामा कसले. मी किल्ली फिरवली आणि मामा हवेत. प्लगला करंट पुरवणाऱ्या कॉईलमधून पंधरा-वीस हजार व्होल्ट येतात, त्यात दम फार नसतो म्हणून माणूस मरत नाही, पण फेटा उडतो. फेटा बॅटरीवर, प्लग सिमेंटवर. टक् असा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतोय.

मामा उठले, फेटा झटकला आणि जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाले, "करंट हाय. कॉईल ओके."

पडलेला प्लग परत वापरायचा नसतो, आतल्या पोर्सिलेनला केसाएवढी चीर जरी पडली तरी स्पार्क भलतीकडूनच पळतो. मी हे म्हणालो तर मामा म्हणे, "त्यो गेलेलाच हुता." गेलेला होता तर अर्धा तास घासला कशाला मग?

प्लग बसवले. वायरी मनाला येईल तशा खोचल्या. स्टार्टर मारला आणि सायलेन्सरमधून असा काही बार निघाला की जीपमधला नवरदेव खाली वाकला. बँडवाल्यांना वाटलं आतून सिग्नल आला, फटाके सुरू झाले, त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. पब्लिक नाचायला लागली. माझ्या गाडीभोवती! मी आत बसून "थांबा थांबा" म्हणतोय आणि खिडकीतून एकानं माझ्या कपाळाला गुलाल लावला.

शेवटी मीच उतरलो, मामांना कोपरानं बाजूला सारलं, प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून वायरी क्रमानं लावल्या. गाडी दोन सिलेंडरवर धाडधाड करत चालू झाली, जागच्या जागी थरथरत, आणि तशीच मी ती स्वयंपाकाच्या मांडवामागं नेऊन उभी केली. टाळ्या वाजल्या. मामांसाठी! आपल्या भागात लग्नात सत्कार किती होतात ते तुम्हाला माहितीच आहे, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आजी-माजी सगळे, त्या यादीत मामांचं नाव आयत्या वेळी घुसवलं, शाल-नारळ दिला, "प्रसंगावधान राखून वरातीचा मार्ग मोकळा केल्याबद्दल." मी तेव्हा ग्रीस लागलेले हात पत्रावळीच्या कागदाला पुसत होतो. जिलेबी संपली होती.

सोमवारी गाडी तशीच भडाडत साताऱ्यात गॅरेजला नेली. चकाचक गॅरेज, पोरगं विशीतलं, स्टिअरिंगखाली टॉर्च मारून बराच वेळ काहीतरी शोधत होतं. "काका, स्कॅनर कुठं लावायचा?" कार्बोरेटरच्या गाडीला स्कॅनर! शेवटी म्हणाला, "भंगारात घाला, किती दिवस वापरणार?" मला राग गाडीसाठी आला नाही, 'किती दिवस' म्हणताना त्यानं माझ्या केसांकडं बघितलं त्याचा आला. तसंही जुनी गाडी ठेवायची म्हणजे सगळ्यांचंच ऐकून घ्यायचं. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला सहाशे रुपये लागायचे, 1 एप्रिल 2022 पासून ते पाच हजार झाले. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते असल्या जुन्या गाड्यांच्या रबरी पाइपांसाठी बनवलेलंच नाही, पण दुसरं मागायची सोय आहे का? ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला फोटो लावले, गळे काढले. हेच लोक रस्त्यात जुनी गाडी दिसली की मागून हॉर्नवरचा हात काढत नाहीत.

मग आमच्या पेठेतला म्हातारा इलेक्ट्रिशियन गाठला. त्यानं संध्याकाळी अंधार पडू दिला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं. तिसऱ्या सिलेंडरच्या वायरीच्या टोपीतून निळी ठिणगी बाजूच्या पत्र्यावर उडत होती, चट् चट् चट्. रबर फाटलेलं. स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतच नव्हता, म्हणून बिचारा काळा पडलेला. "प्लगला काय झालं नव्हतं," तो म्हणाला, "पण आता झालंय, हे बघा, तडा." वायरींचा सेट आणि प्लग नवे टाकले. गाडी आता मऊ चालते, आवाज नाही.

हे सगळं विसरायच्या बेतात होतो तर आज सकाळी अनोळखी नंबरवरून काळ्या पडलेल्या नेल फायलरचा फोटो आला, खाली क्यूआर कोड आणि मेसेज, "दोनशे पन्नास रु. मामा म्हणाले गाडीवाले देतील." मी विचारलं, मामांचा नंबर आहे का. ताई म्हणाल्या, "आमच्याकडं कुठला? ते तुमच्याबरोबर आले होते ना?"